गोळी घेतल्यावर तू विचारलंस ते

आत्या,

तू गेल्यापासून आष्टीत मला सगळे डॉक्टरीणबाई म्हणायला लागलेत. भेटायला आलेली माणसं तुझ्या लेकाजवळ, भास्करदादाजवळ, जरा वेळ बसतात, तुझ्या फोटोला हात जोडतात आणि मग माझ्याकडे वळून हळूच विचारतात, "नेमकं काय झाल्तं हो शेवटी म्हातारीला?" मी पेशंट तपासणारी डॉक्टर नाही, जालन्याच्या फार्मसी कॉलेजात पोरांना शिकवते, औषध पोटात गेल्यावर पेशींचं काय होतं एवढंच मला कळतं, हे किती जणांना सांगत बसू? तू असतीस तर एका वाक्यात सगळ्यांना वाटेला लावलं असतंस. "ती उंदराची डॉक्टर हाय, तिला काय इचारता!" उंदरांवर प्रयोग करून मिळवलेल्या पीएच.डी.चे पेढे घेऊन आले, त्या दिवशी तूच मला हे नाव ठेवलंस. अण्णांना, म्हणजे तुझ्या धाकट्या भावाला, ते आवडलं नव्हतं. पोरगी एवढी शिकली आणि ही तिची थट्टा करते म्हणून ते फुगून बसले होते. मला मात्र ते नाव आवडायचं. आता ते कोणी म्हणणार नाही.

तुला आठवतं का, मी काय शिकते हे तू मला एकदा नीट बसवून विचारलं होतंस? तू ओसरीवर वाकळ शिवत होतीस. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरलेले, आणि तू त्यांच्यावर गुडघे टेकून धावदोरा घालत होतीस. मी म्हटलं, अफूपासून मॉर्फीन काढतात. ते मॉर्फीन पेशीवर ज्या जागी जाऊन बसतं, ती जागा मी शिकते. अफू म्हटल्यावर तुझी सुई थांबली. मला वाटलं, दोरा संपला.

मग मी तुझ्याच वाकळेवर बोट ठेवून तुला समजावलं. पेशीला पातळ कातडी असते, तिच्यात एक प्रथिन असतं. ते त्या कातडीतून सात वेळा आरपार ओवलेलं असतं, बराबर तुझ्या टाक्यांसारखं. एक टोक बाहेर, एक आत. त्याला रिसेप्टर म्हणायचं. मॉर्फीन बाहेरून येऊन त्याच्यात बसलं की सगळे टाके किंचित सरकतात आणि आतल्या बाजूला त्याला चिकटलेलं जी-प्रोटीन नावाचं दुसरं प्रथिन सुटतं. सुटलं की त्याचे दोन भाग होतात. एक भाग जाऊन पेशीतल्या निरोप्याचं उत्पादन कमी करतो, दुसरा जाऊन काही दारं उघडतो आणि काही लावतो. पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियमला आत येता येत नाही. मग ती नस गप्प होते, दुखण्याचा सांगावा पुढे देत नाही.

"म्हंजी दुखणं जात न्हाई," तू म्हणालीस. "सांगणाऱ्याचं तोंड दाबतेत."

"तसंच समज."

"मंग चोर घरात तसाच की! जागल्याला झोपवून काय फायदा?"

इथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तुझं म्हणणं, दुखणं हा जागल्या आहे, त्याला ओरडू द्यावं. माझं म्हणणं, चोर पळवायची सोय नसेल तर त्या जागल्याने घरच्यांना नुसतं ओरडून मारायचं का? मी तुला हेही सांगितलं की ही जागा अफूसाठी केलेलीच नाही. आपलं शरीर स्वतःच अफूसारखं थोडंथोडं काहीतरी बनवतं, मार लागला की, बाईच्या बाळंतपणात. त्यावर तू म्हणालीस, "माझ्या बाळंतपणात तर काईच आलं न्हाई माय. रस्ता चुकलं असंल." आणि आपण दोघी हसलो होतो.

पण मग तू सुई बाजूला ठेवलीस आणि विचारलंस, "विजे, ही जागा श्वासाच्या ठिकाणीबी असती का?"

मी म्हटलं, असते. मेंदू खाली जिथे मानेत उतरतो तिथे श्वास चालवणाऱ्या पेशी असतात, त्यांच्यावर हाच रिसेप्टर असतो. म्हणून मॉर्फीन जास्त झालं की श्वास मंद होतो आणि बंदही पडतो.

"मंग दुखणं थांबंल आन श्वास चालू ऱ्हाईल, असं करता येतं का न्हाई?"

आत्या, मला इतका आनंद झाला होता! माझ्या पीएच.डी.चा प्रश्न अगदी हाच होता. मॉर्फीन बसल्यावर त्या एका रिसेप्टरपासून पेशीच्या आत दोन वाटा फुटतात. एक जी-प्रोटीनची, दुसरी अरेस्टिन नावाच्या प्रथिनाची. आम्हाला सगळ्यांना तेव्हा वाटत होतं की दुखणं थांबतं ते पहिल्या वाटेने आणि श्वास थांबतो तो दुसऱ्या. मग पहिलीच वाट उघडेल असा रेणू सापडला की जिंकलं. पुढे ती आशा बरीच पातळ झाली. पहिल्या वाटेनेही श्वास मंदावतोच, असं दिसायला लागलं. पण त्या दिवशी मी भारावून गेले होते. तेव्हापासून दर वर्षी पहिल्या तासाला मी पोरांना सांगत आले की आष्टीच्या माझ्या आत्याने, वाकळ शिवता शिवता, सगळ्या जगाच्या प्रयोगशाळांचा प्रश्न विचारला. पोरं हसतात, टाळ्या वाजवतात. तुला तो प्रश्न का पडला, हे मी कधी विचारलं नाही. विचारावं असं काही त्यात आहे, हेच मला कळलं नव्हतं.

तुझं दुखणं तू लपवलंस. छातीतली गाठ तुला कधीपासून माहीत होती कोण जाणे. कंबर धरली म्हणून भास्करदादाने तुला संभाजीनगरला नेलं, तेव्हा रोग हाडांत उतरलेला होता. तिथल्या डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की आता बरं करणं हातात नाही, दुखणं कमी करणं हातात आहे. मॉर्फीनच्या बारीक गोळ्या दिल्या. दादाने गाडीतूनच मला फोन केला. त्याच्या दुकानात बी-बियाणं घ्यायला येणाऱ्यांशी जसा मोठ्याने बोलतो तसाच बोलायला लागला आणि मधेच त्याने फोन ठेवून दिला.

मला त्या दिवशी, खोटं कशाला बोलू, थोडा धीर आला. म्हटलं, हे तर माझ्या ओळखीचं औषध आहे.

पण तुझं कण्हणं थांबेना. दादाचा रोज फोन. "विजे, मंदा येळंवर गोळ्या देऊन राह्यली, तरी आई रातंदिस तळमळूनच राह्यली. गोळी बोगस हाय का?" शनिवारी मी आष्टीला आले. तू पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. मंदावहिनीने चहा दिला आणि मी ओसरीवर बसून दोघांना चांगला तासभर शिकवलं. औषध सारखं येत राहिलं की पेशी हुशार होते. रिसेप्टरच्या आतल्या टोकावर खुणा करते. त्या खुणा पाहून अरेस्टिन येतं, तोंड बंद करतं आणि मग आख्खा रिसेप्टर पेशी आत ओढून घेते. बाहेर औषधाला बसायला जागाच कमी उरते, म्हणून तेवढीच गोळी कमी पडायला लागते. वहिनी तोंडाला पदर लावून ऐकत होती. "बापरे, येवढं चाललंय व्हय आईंच्या आत!" म्हणाली. दादाने डॉक्टरांना फोन करून गोळी वाढवून घेतली. मी वर मान डोलावली. तू आतून सगळं ऐकत होतीस, आत्या. एक शब्द बोलली नाहीस.

दुसऱ्या दिवशी वहिनीने तुझी वाकळ उन्हात टाकली, तेव्हा तिच्या हाताला कोपऱ्यात काहीतरी चरचरलं. तिने पाहिलं तर तू एका टोकाची शिवण उसवून आत पिशवी केलेली. सगळ्या गोळ्या त्यात. वहिनीसमोर जिभेवर ठेवायचीस, पाणी प्यायचीस, ती वळली की गालातून काढून वाकळेत सरकवायचीस. पहिल्या दिवसापासून एकही गिळली नव्हतीस. तुझे रिसेप्टर जागच्या जागी होते. गोळीच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती, आणि मी ओसरीवर बसून पेशी कशी हुशार होते ते सांगत होते!

मला हसू आलं, मग संताप आला, आणि मग भीती वाटली. कारण दादाने चिडून तुझं तोंड धरून ती वाढवलेली गोळी गिळायला लावली असती तर? तुझ्या शरीराला तर पहिल्या बारीक गोळीचीही सवय नव्हती. मी आधी डॉक्टरांना फोन लावला, खरा प्रकार सांगितला. ते म्हणाले, पुन्हा सगळ्यात लहान गोळीपासून सुरू करा, आणि आधी त्यांना विचारा त्या का घेत नाहीत.

हे मला सुचायला पाहिजे होतं.

दादा दुकानावर गेलेला, वहिनी दळण घेऊन गिरणीत. भरदुपार. तू म्हणालीस, "विजे, दार लोटून घे." मला वाटलं, आता मला शिव्या बसणार. मी पण तयारीत होते, मलाही तुला शिव्याच द्यायच्या होत्या.

तू छताकडे बघत बोलायला लागलीस. "भास्करच्या आधी मला एक लेकरू व्हतं. पोरगा."

मला हे माहीत नव्हतं. अण्णांनी जाईपर्यंत कधी सांगितलं नाही. त्यांना तरी माहीत होतं की नाही, आता कोणाला विचारू?

"रंगनाथ नाव ठेवल्तं. बारसं झाल्तं बराबर. कापसाचे दिस व्हते. सगळ्याच बाया लेकरं घेऊन येचायला जायच्या, बाभळीला झोळी बांधायच्या. लेकरू रडलं तर येचणी कशी व्हावी? मंग जराशी अफू दुधात घासून बोटानं चाटवायची. मव्हरीयेवढी. सगळ्याच करायच्या, विजे. आमच्याच घरची रीत व्हती असं न्हाई. सासूबाईजवळ डबी असायची. त्या दिशी त्याला खोकला झाल्ता, लई किरकिर करून राह्यल्ता. सासूबाईनं घरून निघतानीच चाटवल्ती. मला बोल्ल्या न्हाईत. म्या शेतात गेल्यावर पुन्यांदा चाटवली."

मी पाणी दिलं, तू घेतलं नाहीस.

"दोघीबी काई बोल्लो न्हाई. तिनं मला काई म्हणलं न्हाई, म्या तिला न्हाई. गावाला सांगितलं, लेकराला दिष्ट लागली. डबी तिनंच हिरीत टाकली. मंग भास्कर झाला, त्याला पाठीला बांधून येचलं म्या. झोळीत घातलंच न्हाई."

मग तू माझ्याकडे पाहिलंस. "तीच चीज आता माझ्या तोंडात घालून राह्यले तुमी."

आत्या, एवढी वर्षं मी फळ्यावर चित्र काढून हेच शिकवलं. मेंदूचा खालचा भाग, त्यावर ठिपके, बाण, आणि बाणापुढे 'श्वास मंदावतो'. लहान बाळांत हा धोका फार, हे वाक्य मी परीक्षेतही विचारते. त्या वाक्यात माझ्याच घरातलं लेकरू असेल हे कसं कळावं! आणि तुझा तो प्रश्न, जो मी दर वर्षी कौतुकाने सांगत आले, तो तू कुठून विचारला होतास ते तेव्हा मला समजलं. मला तुझा हात धरायचा होता. पण हाताला नुसता स्पर्श झाला तरी तुझ्या खांद्यात कळ जायची, म्हणून मी पलंगाच्या लोखंडाला धरून बसले.

मी जमेल तेवढं सांगितलं. म्हटलं, ती अफू अंदाजाने, बोटाने दिलेली, आणि ही गोळी मोजून केलेली. तू लेकरू नाहीस. आणि आता उताराही मिळतो. मॉर्फीन जास्त झालंच तर ते औषध टोचतात, ते मॉर्फीनला त्या जागेवरून ढकलून स्वतः तिथे बसतं, आणि बसून काहीच करत नाही, की श्वास परत सुरू.

"तव्हा व्हता का ह्यो उतारा?" तू विचारलंस.

मी म्हटलं, "इथं नव्हता, आत्या."

"मंग ऱ्हाऊ दे," म्हणालीस आणि पुन्हा भिंतीकडे वळायला गेलीस. वळता आलं नाही. मी पण तुला वळवू शकले नाही. दोघी तशाच थांबलो, तू अर्ध्यावर कळवळत आणि मी दोन्ही हात पुढे करून, कुठे धरू तेच न कळून. तुझ्या पेशी-पेशीत त्या घडीला काय चाललंय, कुठली दारं सताड उघडी आहेत, कुठला निरोप वर धावतोय, हे मी सलग सांगू शकले असते. त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

पुढचे काही दिवस मी रजा टाकून आष्टीतच राहिले. दादाने हात जोडले, वहिनी रडली, मी रागावले, लाडीगोडी केली. तू बिलकुल ऐकलं नाहीस. सगळ्या गल्लीत जिचा आवाज ऐकू जायचा ती तू दात आवळून पडून राहायचीस, आणि कोणी भेटायला आलं की "बरी हाय" म्हणायचीस. तुझं तोंड बघवत नव्हतं म्हणून मी परसात जाऊन उगाच भांडी घासायचे. मी घासलेलीच भांडी पुन्हा घासतेय हे वहिनी पाहायची आणि ती उचलून आत नेऊन ठेवायची.

मग तू मानलंस. माझ्या सांगण्याने नाही. आपल्या भांडणात मी जिंकले असं मी कोणाला सांगणार नाही. सकाळी अंग पुसताना वहिनीने तुझा पाय जरासा उचलला आणि तुझ्या तोंडून असा आवाज निघाला, जो मी कुठल्या जनावराच्याही तोंडून ऐकला नव्हता. त्यानंतर तू कितीतरी वेळ डोळे मिटून पडलीस आणि म्हणालीस, "बस झालं विजे. आता न्हाई सोसत. दे."

मी गोळी आणली. तू माझं मनगट धरलंस. "पन तू हितंच बसायचं. माझ्या छातीवर ध्यान ठेवायचं. वर-खाली व्हतीय का न्हाई, बराबर बघायचं. पान्यालाबी उठायचं न्हाई."

"नाही उठणार."

"तोंड उघडून दाखवू का, गिळली का न्हाई?" म्हणालीस. तशातही!

मी बसले. डोळे तुझ्या छातीवर. बाहेर कोणीतरी ट्रॅक्टर सुरू करत होतं, तो सुरू होत नव्हता. बराच वेळ काहीच झालं नाही. चादरीवर तुझी मूठ आवळलेली होती, तिच्याकडे माझं लक्ष गेलं तेव्हा अंगठा सुटला होता. मग एकेक बोट सुटलं. कपाळावरची आठी, जी मला तुझ्या चेहऱ्याचाच भाग वाटायला लागली होती, ती गेली. तू माझी जुनी आत्या दिसायला लागलीस.

"गेलं का गं दुखणं?" मी विचारलं.

"गेलं न्हाई. हाय. पन लांब जाऊन बसलं." आणि जरा वेळाने, "हलकं वाटून राह्यलं. पान्यात पडल्यावानी."

मला रडू येत होतं पण मी रडत नव्हते, डोळ्यांत पाणी आलं असतं तर छाती नीट दिसली नसती.

तेव्हा तू ते विचारलंस. डोळे अर्धे मिटलेले, आवाज खाली गेलेला. "विजे, त्यालाबी असंच वाटलं असंल का?"

कोणाला, हे मी विचारलं नाही.

"येचता येचता माझी पात, माझी वळ, बांधाच्या पार पल्याड गेल्ती. झोळी लांब ऱ्हायली. रडला असंल, गुदमारला असंल, आन मला ऐकू आलं नसंल, असंच वाटत ऱ्हायलं मला जलमभर. सांग ना. तू शिकलीस ते. तरास झाला असंल का त्याला?"

मी उत्तर देणार होते. पण मी आहे मास्तरीण. माझ्या डोक्यात आधी उभं राहिलं की किती अफू, किती वजनाचं बाळ, खोकला होता म्हणजे छाती भरलेली होती का, दोन चाटणांत अंतर किती. खोटा धीर देणार नव्हते, खरं ते सांगणार होते. एवढं मनात जुळवून मी तोंड उघडलं, "आत्या," म्हटलं, तर तुला झोप लागली होती. किती तरी दिवसांनी लागलेली झोप. तुला उठवून सांगायची माझी छाती झाली नाही. मी तुझ्या छातीवर ध्यान ठेवून बसले. संथ, खोल, अगदी बराबर चालली होती.

त्यानंतर तू गोळी घेत राहिलीस आणि आपल्याला थोडे बरे दिवस मिळाले. तू दुधात भाकरी कुस्करून खाल्लीस. दुकानात कोणाला किती उधार दिलंस म्हणून दादाला झापलंस. वहिनीला तुझ्या पाटल्यांपैकी एक दिलीस आणि दुसरी मला, आणि दोघींना वेगवेगळं सांगितलंस की तुझीच जड आहे. घर माणसांनी भरलेलं असायचं. ते आपण दोघी पुन्हा बोललो नाही. तू विचारलं नाहीस आणि मला विषय कसा काढावा कळेना. इतक्या वर्षांपूर्वीच्या लेकराचं नाव त्या गर्दीत कसं घेऊ? आणि तू सुखात असताना? मला वाटायचं, ही विचारेल. मी वाट बघत राहिले. रजा संपली, प्रॅक्टिकल परीक्षा लागल्या, मी जालन्याला परत आले. येत्या रविवारी येते म्हणाले.

परीक्षा चालू असताना दादाचा फोन आला. वहिनी जवळ होती. तू पाणी मागितलंस, दोन घोट घेतलेस, आणि झालं.

दहाव्याच्या दिवशी दादाने मला परसात बोलावलं. "विजे, खरं सांग. गोळीनं तर न्हाई ना गेली आई?" मी त्याला लगेच सांगितलं, नाही. तुझी गोळी अगदी लहान होती, आदल्या संध्याकाळी श्वास उत्तम होता असं वहिनीच फोनवर म्हणाली होती, रोग काळजापर्यंत गेला होता हे डॉक्टर आधीच म्हणाले होते. मला एक क्षणही लागला नाही. त्याने मान हलवली, त्याला पटलं. मग मी त्याला रंगनाथचं सांगितलं. तू सांगू नकोस असं म्हणाली नव्हतीस, आणि मला एकटीला ते पेलवत नव्हतं. तो हौदाच्या काठाला टेकला. "मला भाऊ व्हता," म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "म्हणून मला ती मोठा होस्तोर पाठीवरून खाली उतरवायची न्हाई."

भास्करदादाला जे मी चटकन देऊ शकले, ते तुला द्यायचं राहिलं. आता तुला ऐकू येत नाही, मला कळतं. पण ते माझ्या तोंडात तसंच अडकलंय, जेवताना, शिकवताना. परवा वर्गात तेच चित्र काढायचं होतं. ठिपके काढले, बाण काढला आणि पुढचं लिहायला हात उचलेना. मी पोरांना लवकर सोडून दिलं.

तर आत्या, ऐक. शंभर टक्के कोणीच सांगू शकणार नाही. तेव्हा कोणी तपासलं नाही, कोणी बघितलं नाही. पण मला जेवढं कळतं तेवढं हे आहे. श्वास कमी पडला की रक्तात विषारी वायू साठतो, आणि ते ओळखणाऱ्या काही पेशी असतात. त्या आरडाओरडा करतात, म्हणून माणूस गुदमरतो, हातपाय झाडतो, धडपडतो. त्या पेशींवरही तीच जागा असते. अफू तिथेही बसते. आधी त्या गप्प होतात, भीतीही गप्प होते, आणि मग श्वास हळूहळू कमी होत जातो. जीव घाबरत नाही. तुला गोळीने लागली तशीच झोप त्याला लागली असणार, त्याचा खोकलाही त्यातच थांबला असणार.

तू त्याचं रडणं ऐकलं नाहीस, कारण तो रडलाच नाही. तू झोळीशेजारी बसून राहिली असतीस तरी तुला काही ऐकू आलं नसतं.